सोळा वर्षांचा एक सिनेमा : ज्युली डॅश यांचं काम समजून घेताना

साल १९०२. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यालगतचं एक बेट. पीझंट आडनावाचं मोठं कुटुंब उद्या होडीत बसून उत्तरेकडच्या शहरांकडे निघणार आहे. आज सगळे वाळूवर जमलेत, शेवटचं एकत्र जेवायला. पांढऱ्या पोशाखातल्या बायका भेंडी चिरतायत, कोळंबी सोलतायत, एकमेकींचे केस विंचरतायत, जुनी उणीदुणी काढतायत. घरातली सगळ्यात म्हातारी बाई, नाना पीझंट, मात्र बेट सोडायला तयार नाही. तिचे हात निळे आहेत.

'डॉटर्स ऑफ द डस्ट' या सिनेमाची गोष्ट विचारली तर एवढीच सांगता येते. ज्युली डॅश यांच्या मनात ती १९७५च्या सुमाराला आली आणि पडद्यावर यायला १९९१ उजाडलं. आफ्रिकन-अमेरिकन बाईनं दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत रीतसर वितरित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची नोंद झाली. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं जगभरच्या समीक्षकांकडून आजवरच्या श्रेष्ठ चित्रपटांची यादी करून घेतली, तिच्यात तो साठाव्या स्थानावर आहे. मात्र या सिनेमानंतर तीस वर्षं उलटून गेली तरी ज्युली डॅश यांचा मोठ्या पडद्यासाठीचा दुसरा कथापट आलेला नाही.

हे असं का होतं? उत्तर नुसतं 'वर्णभेद' म्हणून देता येईल आणि ते चुकीचंही ठरणार नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. सिनेमा पडद्यावर येईपर्यंत पैसा, कच्ची फिल्म, भाषा, वितरक, चित्रपटगृह, समीक्षक अशी एक लांब साखळी असते. तिच्या कुठल्या कडीला कोण अडतं, हे डॅश यांच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित कुठे दिसतं. म्हणून ही कारकीर्द जरा सावकाश समजून घेऊ.

आधी एका शब्दाबद्दल. अमेरिकेत 'वूमन ऑफ कलर' असा शब्दप्रयोग सतत कानावर पडतो. मराठीत त्याचं 'रंगीत स्त्री' करणं हास्यास्पद होईल. 'श्वेतेतर स्त्रिया' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, आशियाई, मूळनिवासी अशा सगळ्या जणी त्यात येतात. त्याचा जन्म लोरेटा रॉस या कार्यकर्तीनं सांगितला आहे. १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. कृष्णवर्णीय स्त्रिया आपल्या मागण्यांचा मसुदा घेऊन आल्या होत्या. इतर अल्पसंख्य स्त्रियांनाही त्यात सामील व्हायचं होतं, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारं नाव हवं होतं. त्यातून हा शब्द पुढे आला. म्हणजे तो कातडीच्या वर्णनापेक्षा एकजुटीचा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दूरच्या माणसांशी नातं जोडणारी नावं कशासाठी घ्यायची असतात, हे आपल्याकडे ठाऊक आहे.

आता ज्युली डॅश. जन्म १९५२चा, न्यूयॉर्कमधला. लहानपण क्वीन्स भागातल्या सरकारी वसाहतीत गेलं. वडिलांकडचं घराणं दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं, गल्ला या आफ्रिकी वंशाच्या समाजातलं. (उच्चार आपल्या दुकानातल्या गल्ल्यासारखाच.) शाळेत असतानाच, १९६८-६९च्या सुमाराला, हार्लेममधल्या स्टुडिओ म्युझियमच्या कार्यशाळेत त्यांच्या हाती पहिल्यांदा कॅमेरा आला. पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची पदवी घेऊन त्या लॉस एंजेलिसला गेल्या.

तिथे एक वेगळीच मंडळी जमलेली होती. १९६५ मध्ये शहराच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीय जनतेचा मोठा उठाव झाला होता. त्यानंतरच्या वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेनं आपल्या चित्रपट विभागात अल्पसंख्य समाजांतल्या मुलामुलींसाठी दारं उघडली. चार्ल्स बर्नेट, इथिओपियाहून आलेले हायले गेरिमा, बिली वुडबेरी, बार्बरा मॅककलो, अलिल शॅरन लार्किन असे कितीतरी जण तिथे शिकले. हॉलिवूड त्यांच्यापासून मोटारीच्या अंतरावर होतं, पण या लोकांनी ठरवलं की त्या पद्धतीचा सिनेमा करायचा नाही. आफ्रिका, क्यूबा, ब्राझीलमधले चित्रपट बघायचे, एकमेकांच्या सिनेमाला कॅमेरा धरायचा, संकलन करून द्यायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पडद्यावर आणायचं. नंतर समीक्षक क्लाइड टेलर यांनी या पिढीला नाव दिलं : एल. ए. रिबेलियन. लॉस एंजेलिसचं बंड.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटा झुंजणारा माणूस येतो. प्रत्यक्षात स्वतंत्र सिनेमा हा उसनवारीचा संसार असतो. आज तू माझा दिवा धर, उद्या मी तुझा. डॅश यांनी पुढे आपल्या मोठ्या सिनेमात बार्बरा-ओ, कोरा ली डे, केसी मूर या अभिनेत्रींना घेतलं. या तिघींनी गेरिमा, बर्नेट, वुडबेरी यांच्या फाटक्या खिशाच्या सिनेमांत कामं केलेली होती. हॉलिवूडला त्यांचे चेहरे माहीत नव्हते. माहीत असणाऱ्यांना मात्र ती पात्रयोजना म्हणजे आपल्या माणसांना दिलेली मानवंदना वाटली.

डॅश यांच्या सुरुवातीच्या लघुपटांतला 'फोर विमेन' १९७५चा. नीना सिमोन यांच्या गाण्यावर एकच नर्तकी चार वेगवेगळ्या स्त्रिया साकारते. मग ॲलिस वॉकर यांच्या कथेवरचा एक लघुपट. आणि १९८२ मध्ये 'इल्युजन्स'. माझ्या मते त्यांचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी.

'इल्युजन्स' चौतीस मिनिटांचा, कृष्णधवल. काळ १९४२चा, युद्धाचा. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत मिन्यॉन ड्युप्रे नावाची बाई वरच्या हुद्द्यावर आहे. ती कृष्णवर्णीय आहे, पण रंग इतका उजळ की सगळे तिला गोरीच समजतात, आणि तीही तो समज मोडत नाही. स्टुडिओत एका संगीतपटाचा घोळ झालाय. गोऱ्या नटीचे ओठ आणि गाण्याचा आवाज जुळत नाहीत. तो जुळवायला एस्थर नावाच्या कृष्णवर्णीय मुलीला बोलावतात. काचेच्या पलीकडे अंधारात उभी राहून, समोरच्या पडद्यावरच्या गोऱ्या बाईच्या हलत्या ओठांवर ती आपला आवाज बसवते. आवाज हिचा, चेहरा तिचा. एस्थर मिन्यॉनकडे बघते आणि एका नजरेत ओळखते की ही आपल्यातलीच आहे.

आपल्याला पार्श्वगायनाची इतकी सवय आहे की पडद्यावर दुसऱ्याचा आवाज येण्यात वावगं काही वाटत नाही. पण आपल्याकडे गाणारीचं नाव घराघरात पोचतं. एस्थरचं नाव कुठेही लागणार नाही. तिच्या आवाजाचे पैसे मिळतील, तिच्या असण्याचे मिळणार नाहीत. सिनेमा हे माध्यमच कुणाला दाखवायचं आणि कुणाला लपवायचं यावर कसं उभं आहे, हे डॅश यांनी त्या एका प्रसंगात दाखवलं. त्यात आणखी एक पदर आहे. पडद्यावर एस्थर गाताना दिसते तो आवाज अभिनेत्रीचा नाही, प्रसिद्ध जाझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. फसवणुकीबद्दलचा सिनेमा आपली स्वतःची फसवणूकही प्रेक्षकासमोर ठेवतो. २०२० मध्ये या लघुपटाचीही राष्ट्रीय संग्रहात नोंद झाली.

पैसा कुठून आला

'डॉटर्स'ची कल्पना सुरुवातीला लहानशी होती : एक कुटुंब बेट सोडून निघतं, संवादांशिवायचा लघुपट. डॅश माहिती गोळा करू लागल्या तशी ती वाढत गेली. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ती बोलायला नाखूश असत, म्हणून त्यांनी ग्रंथालयं आणि संग्रह पालथे घातले. १९८१ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या पैशावर संशोधन पुढे सरकलं. पण शिष्यवृत्तीत अभ्यास होतो, सिनेमा होत नाही.

इथे स्वतंत्र सिनेमाचं अर्थकारण थोडं समजून घ्यायला हवं. मोठा स्टुडिओ पैसे घालतो तेव्हा तो आधीच्या यशस्वी सिनेमांकडे बोट दाखवून जोखीम मोजतो. 'असाच एक सिनेमा गेल्या वर्षी चालला होता' हे वाक्य म्हणता आलं तर पैसे. डॅश यांच्याकडे दाखवायला 'असाच' सिनेमा नव्हता, कारण तसा कुणी केलेलाच नव्हता. कृष्णवर्णीय स्त्रिया मध्यभागी, गोरं पात्र जवळजवळ नाही, बंदुका नाहीत, गुलामीच्या फटक्यांची दृश्यं नाहीत, भाषा निम्मी न कळणारी. पहिल्या सिनेमाला पैसे मिळायला आधी दुसरा लागतो, अशी ही कोंडी.

असा दिग्दर्शक मग तुकड्यातुकड्यानं पैसे उभे करतो. १९८७ मध्ये अनुदानांच्या बळावर डॅश आणि छायालेखक आर्थर जाफा काही माणसं घेऊन बेटांवर गेले आणि नमुन्यादाखल थोडं चित्रीकरण करून आले. दाखवायला हातात काहीतरी आलं. ते बघून सार्वजनिक दूरचित्रवाणीवरच्या 'अमेरिकन प्लेहाउस' या मालिकेनं आठ लाख डॉलर देऊ केले. आधी चित्रपटगृहात, मग दूरचित्रवाणीवर, अशी ही व्यवस्था. अमेरिकेतल्या त्या पिढीच्या कितीतरी स्वतंत्र सिनेमांना या मार्गानं जीव मिळाला. आठ लाख डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण शंभर वर्षांपूर्वीचा काळ उभा करायचा, डझनावारी पात्रं, सगळं चित्रीकरण समुद्रकाठी आणि दलदलीत, तर ती रक्कम फारच तुटपुंजी. १९८९ मध्ये सेंट हेलेना आणि हंटिंग या बेटांवर चित्रीकरण झालं. पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार केरी जेम्स मार्शल तेव्हा या सिनेमाचं कलादिग्दर्शन करत होते.

फिल्मसुद्धा गोरी होती

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा वाटतो. कॅमेरा काय, जे समोर असेल ते टिपतो, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. रंगीत फिल्म म्हणजे रसायनांचे थर. कुठला रंग किती उठून दिसावा, अंधाऱ्या भागातले बारकावे किती टिकावेत, हे ती बनवणारे ठरवतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून छपाईच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एक नमुना-कार्ड वापरत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कातडी नीट आली की छपाई बरोबर, असा हिशोब. कृष्णवर्णीय माणसं मग फोटोत काळ्या ठिपक्यासारखी यायची, नुसते दात आणि डोळे चमकायचे. वर्गाच्या फोटोत एक गोरं आणि एक काळं मूल शेजारी बसलं तर दोघांतलं एकच नीट दिसायचं.

कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास शोधला. त्यात पुढे आलेली एक गोष्ट वाचून मी थांबलोच. कोडॅक कंपनीनं गडद तपकिरी छटा नीट टिपणारी फिल्म बनवायला घेतली त्यामागे मोठा रेटा होता तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांचा. दुधाचं चॉकलेट आणि गडद चॉकलेट यांतला फरक जाहिरातीत दिसत नाही, या लाकडाचा रंग त्या लाकडासारखाच येतो, अशी त्यांची तक्रार होती. माणसांची तक्रार त्याआधीही असणारच. ऐकू आली ती कपाटांची.

जाफा आणि डॅश यांनी 'डॉटर्स'साठी कोडॅकऐवजी आग्फाची फिल्म निवडली, कारण तिच्यावर सावळ्या-काळ्या कातडीच्या छटा अधिक खुलतात असा त्यांचा अनुभव होता. भर बहुतेक नैसर्गिक उजेडावर. सिनेमा बघताना जाणवतं की या कुटुंबातल्या कुणाही दोघींचा रंग सारखा नाही. एकीचा तांब्यासारखा, एकीचा काळ्या मातीसारखा, एकीचा मधासारखा. 'काळी बाई' हा एकच शब्द फुटून त्याचे वीस रंग होतात. सनडान्स महोत्सवात १९९१ मध्ये जाफा यांना छायालेखनाचं पारितोषिक मिळालं ते या कामासाठी.

बेटं, भाषा आणि नीळ

गल्ला, किंवा गीची, लोक कोण? दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर पश्चिम आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली गेली. भातशेती ठाऊक असलेल्या माणसांना तिथे विशेष मागणी होती, कारण मालकांना ती येत नव्हती. दलदल, हिवताप, उन्हाळ्यातला दमट उकाडा यामुळे गोरे मालक वर्षातला बराच काळ तिथून दूर राहत. पूल नव्हते. त्यामुळे या बेटांवर आफ्रिकी शब्द, कथा, टोपल्या विणण्याची पद्धत, स्वयंपाक, पूर्वजांशी बोलण्याची रीत हे सगळं इतर ठिकाणांपेक्षा अधिक टिकलं. त्यांची बोली ऐकणाऱ्यांना दीर्घकाळ मोडकंतोडकं इंग्रजी वाटत आली. १९४९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ लोरेंझो डाउ टर्नर यांनी हजारो आफ्रिकी मूळ शब्द आणि नावं दाखवून देऊन तो समज मोडीत काढला.

डॅश यांनी पात्रांना ही बोली बोलायला लावली. त्यासाठी नटांना शिकवणारा माणूस नेमला, आणि खाली भाषांतराची पट्टी टाकली नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी प्रेक्षकालाही पहिली दहा-पंधरा मिनिटं चाचपडावं लागतं. यावर पुष्कळ टीका झाली. मला तो निर्णय पूर्ण पटतो. घाटावरच्या माणसाला मालवणी पहिल्यांदा कानावर पडते तेव्हा असंच होतं. शब्द निसटतात, पण राग, लाड, टोमणा बरोबर पोचतो. थोडा वेळ दिला की कान बसतो. त्या कुटुंबात आपण पाहुणे आहोत, यजमानांनी आपल्यासाठी भाषा बदलावी ही अपेक्षाच चुकीची, हे त्या न दिलेल्या पट्टीतून कळतं.

आता निळे हात. अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलिनात निळीची मोठी लागवड होती. हौदात पानं कुजवायची, ते घाण पाणी ढवळायचं, दर्प सोसायचा, हे काम गुलामांचं. नाना पीझंटचे हात त्या कामानं निळे झालेत. वास्तवात नीळ अशी कायमची राहत नाही, ती काही काळानं निघून जाते, आणि डॅश यांना ते माहीत होतं. तरीही त्यांनी ते डाग ठेवले. गुलामी दाखवायची म्हटलं की पाठीवरचे वळ, साखळ्या, चाबूक हीच चित्रं येतात, आणि ती इतकी वापरली गेलीत की बघणाऱ्याचं मन बधिर झालंय. त्याऐवजी त्यांनी न पुसता येणारा निळा रंग दिला.

अमेरिकी वसाहती इंग्रजांच्या हातून गेल्या तेव्हा त्यांची नीळही गेली. मग त्यांनी बंगालकडे मोर्चा वळवला. तिथल्या रयतेवर निळीची सक्ती झाली, आणि १८५९-६० मध्ये त्या शेतकऱ्यांनी उठाव केला. नाना पीझंटच्या हातावरचा रंग आणि बंगालच्या रयतेच्या हातावरचा रंग एकाच बाजारपेठेचा होता. हे लक्षात आल्यावर मला तो सिनेमा 'अमेरिकेतला' म्हणून बघता आला नाही.

गोष्ट सांगायची पद्धतही त्यांनी बदलली. एक नायक, एक अडचण, शेवटी सुटका, असा साचा इथे नाही. घरातली वडीलधारी माणसं जशी गोष्ट सांगतात, मध्येच दुसऱ्या कुणाची आठवण निघते, ती संपवून परत पहिल्यावर यायचं, तशी ही वीण आहे. निवेदन दोघी करतात : म्हातारी नाना, आणि अजून जन्मालाच न आलेली एक मुलगी. या मुलीची आई युला. तिच्यावर एका गोऱ्या माणसानं बलात्कार केला आहे, आणि पोटातलं मूल आपलं की त्याचं या विचारानं तिचा नवरा इलाय पोखरला गेलाय. मूल आपल्या बापाला समजावायला जन्माआधीच बेटावर धावत येतं. एवढ्या जखमेची गोष्ट, आणि त्यात अत्याचाराचं एकही दृश्य नाही.

याच सिनेमात इबो लँडिंगची दंतकथा येते. १८०३ मध्ये जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटावर इग्बो (म्हणजेच इबो) या पश्चिम आफ्रिकी समाजातल्या कैद्यांनी गुलामी पत्करण्याऐवजी पाण्यात पावलं टाकली. लोककथा म्हणते, ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला परत गेले. डॅश यांना संशोधन करताना आढळलं की जवळपास प्रत्येक बेटावर लोक आपल्याकडची एक जागा दाखवतात आणि सांगतात की हे इथेच घडलं. सिनेमात एक म्हातारा सांगतो की कुणी चाललं नाही, सगळे बुडाले. आणि युला आपल्या पोटातल्या बाळाला चालण्याचीच गोष्ट सांगते. डॅश दोघांनाही बोलू देतात.

चित्रपटगृहात काय झालं

१९९१ हे कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचं वर्ष म्हणून गाजलं. जॉन सिंगलटन, स्पाइक ली, मारिओ व्हॅन पीबल्स यांचे सिनेमे आले. सिंगलटन तर दिग्दर्शनाच्या ऑस्करचं नामांकन मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. पण ज्या गोष्टींवर स्टुडिओंनी पैसा लावला त्या बहुतेक शहरातल्या तरुण मुलांच्या, गोळीबाराच्या होत्या. हे सिनेमे वाईट होते असं मी म्हणत नाही. फक्त दार उघडलं ते तेवढ्यापुरतंच. बेटावरच्या बायकांना त्यातून आत येता आलं नाही.

मोठ्या वितरकांनी नकार दिल्यावर किनो इंटरनॅशनल या छोट्या कंपनीनं 'डॉटर्स' घेतला. १९९२च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कच्या फिल्म फोरमला लागला आणि खेळामागून खेळ भरू लागला. केजेएम-थ्री ही कृष्णवर्णीय लोकांची प्रसिद्धीसंस्था सोबत घेतली होती. तिनं चर्च, महिला मंडळं, पुस्तकभिशा, विद्यापीठं यांच्यातून माणसं गोळा केली. बायका गटागटानं यायच्या, पुन्हा यायच्या, आईला आणि आजीला घेऊन यायच्या. 'या सिनेमाला प्रेक्षकच नाही' असं सांगितलं गेलं होतं. प्रेक्षक होता, त्याच्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

सुमारे सोळा लाख डॉलरची तिकिटं विकली गेली. खर्चाच्या दुप्पट, पण म्हणून आठ लाखांचा फायदा झाला असं नाही. तिकिटाच्या पैशातून साधारण निम्मा वाटा चित्रपटगृह ठेवतं, उरलेल्यातून वितरक आपली प्रसिद्धी, प्रिंट आणि कमिशन कापतो. दिग्दर्शकाच्या हाती राहतं ते नाव.

आणि त्या 'पहिल्या' या विशेषणाबद्दल. युझान पाल्सी या मार्टिनिक बेटावरच्या दिग्दर्शिकेनं १९८९ मध्येच हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओसाठी सिनेमा केला होता, पण त्या फ्रेंच नागरिक. कॅथलीन कॉलिन्स या आफ्रिकन-अमेरिकन दिग्दर्शिकेनं 'लूझिंग ग्राउंड' १९८२ मध्येच पूर्ण केला होता, पण त्याला चित्रपटगृह मिळालं नाही. कॉलिन्स १९८८ मध्ये वारल्या, आणि सिनेमा प्रदर्शित झाला २०१५ मध्ये. म्हणून 'पहिली' म्हटलं की मला आधी कॉलिन्स आठवतात. डॅश यांच्याआधी सिनेमे झाले होते, ते लोकांपर्यंत येऊ दिले गेले नव्हते.

नंतरची वर्षं

यश मिळाल्यावर हॉलिवूडमधून पुढचं काम येईल, असं कुणालाही वाटेल. डॅश यांनी दारं ठोठावली, पटकथा घेऊन बैठका केल्या. मोठ्या पडद्याचं काम आलं नाही. त्याच सुमारास 'जस्ट अनदर गर्ल ऑन द आय. आर. टी.' करणाऱ्या लेस्ली हॅरिस यांच्या वाट्यालाही तेच आलं, त्यामुळे हा एकीच्या नशिबाचा प्रश्न नव्हता. पहिला सिनेमा गाजलेल्या तरुण मुलाला 'होतकरू' म्हणून लगेच दुसरा दिला जातो. या बायकांच्या बाबतीत पहिला सिनेमा अपवाद धरला गेला, आणि अपवादावर कुणी पैसे लावत नाही.

डॅश थांबल्या मात्र नाहीत. ट्रेसी चॅपमन यांच्या गाण्याचा व्हिडिओ केला, केबल वाहिन्यांसाठी चित्रपट केले, सिनसिनाटीच्या संग्रहालयासाठी गुलामीतून निसटणाऱ्या माणसांवरचा लघुपट केला. २००२ मध्ये सीबीएस वाहिनीसाठी 'द रोझा पार्क्स स्टोरी' केला, अँजेला बॅसेट यांना घेऊन. रोझा पार्क्स म्हणजे बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडता दमून बसून राहिलेली शिवणकाम करणारी बाई, अशी शाळेच्या पुस्तकातली प्रतिमा. डॅश यांनी त्यामागची बाई दाखवली : तिचा संसार, नवऱ्याची काळजी, आणि त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून चाललेलं संघटनेचं काम. स्वतंत्र दिग्दर्शकाची पोटापाण्याची कामं म्हणून समीक्षक या यादीकडे दुर्लक्ष करतात. मला ते पटत नाही. कोट्यवधी लोकांच्या घरात रोझा पार्क्स माणूस म्हणून पोचवणं हे कमी मोलाचं काम नव्हे.

मग २०१६ मध्ये बियॉन्से यांचा 'लेमोनेड' हा दृश्य-अल्बम आला. पांढऱ्या पोशाखातल्या कृष्णवर्णीय बायका, झाडांवर, पाण्यात, जुन्या घराच्या पायऱ्यांवर. ज्यांनी 'डॉटर्स' पाहिला होता त्यांनी लगेच ओळखलं. त्याच वर्षी पंचवीस वर्षं होत आल्यानिमित्त सिनेमाची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत प्रदर्शित झाली, आणि तिच्यात ते रंग पुन्हा जिवंत झाले. दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांनी 'क्वीन शुगर' या मालिकेसाठी सगळ्या दिग्दर्शक स्त्रियाच घ्यायच्या असं ठरवलं होतं. २०१७ मध्ये त्यांनी डॅश यांना बोलावलं. ज्या पिढीला डॅश यांच्यामुळे वाट दिसली, त्या पिढीतल्या एकीनं त्यांना काम दिलं. अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या महाविद्यालयात त्यांनी सिनेमा शिकवला. व्हर्टामे स्मार्ट-ग्रोव्हनर या गीची लेखिकेवर त्या माहितीपट करत आल्या आहेत. जिच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात पाककृतींपेक्षा प्रवास आणि माणसं जास्त, अशी ही बाई. 'डॉटर्स'मध्ये वेण्या घालणारी म्हणून ती क्षणभर दिसतेही.

बघायचा झाला तर आधी 'इल्युजन्स' बघा. मग 'डॉटर्स' एका बैठकीत, चांगल्या आवाजावर, खोलीत अंधार करून. कोण कुणाची कोण हे पहिल्या अर्ध्या तासात लावत बसू नका. लग्नघरात नव्यानं गेल्यावर जसं हळूहळू कळत जातं तसं कळतं. आणि श्रीयुत स्नीड नावाच्या छायाचित्रकारावर लक्ष ठेवा. शहरातून आलेला, सुटाबुटातला, या 'मागासलेल्या' कुटुंबाची नोंद करायला आलेला माणूस. एका प्रसंगी तो पुरुषांना ओळीत उभं करतो, काळ्या कापडाखाली डोकं घालतो आणि भिंगातून बघतो. पुरुषांच्या मध्ये एक लहान मुलगी उभी आहे, केसांत निळी फीत. तो दचकून डोकं बाहेर काढतो. तिथे फक्त पुरुष आहेत.